बर्नाडेटच्या सात ओळी

ऑरेस्ट हालिचुक यांनी बत्तीस वर्षे रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. विनिपेगच्या उत्तर भागात, मालगाड्यांच्या यार्डापासून चार गल्ल्यांवर, त्यांचा जन्म झाला. त्याच चार गल्ल्यांच्या आत त्यांनी लग्न केले, मुली वाढवल्या आणि निवृत्तीही घेतली. सिग्नलच्या कामाने त्यांना एक शिस्त दिली होती आणि त्या शिस्तीबरोबर एक अभिमानही. गाडी कुठून येते आणि कुठे जाते, याविषयी त्यांच्या हातून बत्तीस वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता. हे वाक्य ते स्वतः कधी उच्चारीत नसत. पण ते त्यांच्या चालण्याबोलण्यात होते, आणि लोकांना ते ऐकू येई.

निवृत्तीनंतर त्यांना लिनक्स या संगणकप्रणालीचा नाद लागला. त्याचे कारण त्यांच्या स्वभावात होते. जी वस्तू उघडून पाहता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. धाकट्या मुलीने टाकून दिलेल्या संगणकावर त्यांनी लिनक्स बसवले, आणि ही सगळी यंत्रणा कुणालाही उघडून वाचता येते, दुरुस्त करता येते, दुसऱ्याला फुकट देता येते, हे कळल्यावर ते कित्येक दिवस एखाद्या नवशिक्या भाविकासारखे वागत होते. गेली अकरा वर्षे दर शनिवारी सकाळी दहा ते एक, युक्रेनी चर्चच्या तळघरात ते आणि आणखी पाचसहा जण लांब टेबलांवर बसत. लोक जुने संगणक आणीत. ही मंडळी त्यांवर लिनक्स बसवून देत. कुणाच्या फोनमधल्या फाइली संगणकात हव्या असत, कुणाच्या संगणकातल्या फोनमध्ये. तेही होई. शेजारच्या स्वयंपाकघरात चर्चच्या बायका विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळत, आणि उकडलेल्या बटाट्याचा वास कॉफीच्या वासात मिसळत असे.

फाइली हलवण्याचे काम ऑरेस्ट यांच्याकडे असे. पडद्यावरची चित्रे माऊसने इकडून तिकडे ओढणे त्यांना कमीपणाचे वाटे. त्यांनी स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याला दोन जागा सांगायच्या, कुठून आणि कुठे. तो दुसरी जागा पहिलीसारखी तंतोतंत करून टाकी. दुसरीकडे काही जास्तीचे असेल तर ते काढूनही टाकी. मध्ये संगणकावरचा एक फोल्डर असे, त्याला ते ‘मेज’ म्हणत. कुणाचेही काम झाले की ते मेज रिकामे करीत, कारण एकाचे खासगी कागद दुसऱ्याच्या नजरेस पडू नयेत. हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता.

त्या प्रोग्रामवरून याच गटातल्या बर्नाडेट देरोशे यांच्याशी त्यांचे एकदा वाजले होते. बर्नाडेटबाई नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतल्या. जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात त्यांनी उभी हयात काढली होती. हरवलेले कागद परत येत नाहीत, हे त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे तळघरातल्या दुसऱ्या कुणालाही नव्हते.

“ऑरेस्ट, तुझा हा प्रोग्राम पुसण्याआधी विचारत नाही,” त्या म्हणाल्या होत्या.

“कशाला विचारेल? काय करायचं ते मी सांगितलेलं असतं.”

“आणि तू चुकीचं सांगितलंस तर?”

“बर्नी, मी सिग्नलवाला आहे.”

“हो बाबा, माहीत आहे. अख्ख्या मॅनिटोबाला माहीत आहे. मी प्रोग्राममध्ये थोडी भर घालू का?”

“तुझ्या प्रतीत घाल काय घालायचं ते. माझं आहे तसं बरं आहे.”

परंतु त्यांची प्रत आणि बर्नाडेटची प्रत अशा दोन प्रती नव्हत्याच. प्रोग्राम गटाच्या सामायिक जागी ठेवलेला असे, आणि दर शनिवारी सकाळी ऑरेस्ट तिथून नवी आवृत्ती उतरवून घेत. कुणी काय बदलले हे तिथे लिहिलेले असे. ते वाचण्याचे कष्ट मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत. कुणीही उघडून सुधारावे, या तत्त्वावर ते पाऊण तास बोलू शकत. ते तत्त्व आपल्या वस्तूला लागू झालेले त्यांना नको होते. आपल्यापैकी पुष्कळांचे तत्त्वांशी असेच नाते असते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पेर्ला माकाराएग नावाच्या बाई तळघरात आल्या. त्या वृद्धाश्रमात मदतनीस होत्या आणि पहाटेची पाळी करून सरळ इकडे आल्या होत्या. बाहेर उणे एकतीस होते. चष्म्यावर साचलेली वाफ पुसत त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

“इथं फोनमधले फोटो बाहेर काढून देतात ना? असं समजलं.”

“काढून देतो. बसा. किती आहेत?”

“दोनशे बारा. मोजलेत मी.”

दोनशे बारा फोटो कुणी मोजून ठेवीत नाही. ऑरेस्ट यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. पेर्ला आपल्या आईबरोबर एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. नोव्हेंबरपासून त्यांच्या घरातला हीटर नावापुरता चालत होता. घरमालकाच्या माणसाने तीनदा येऊन तो पाहिला आणि तीनदा ‘ठीक आहे’ म्हणून सांगितले. तेव्हापासून रोज पहाटे कामावर निघण्यापूर्वी पेर्ला आईच्या पलंगाशेजारच्या थर्मामीटरचा फोटो काढीत. अकरा अंश. तेरा अंश. एकदा नऊ. खिडकीच्या आतल्या बाजूला जमलेल्या बर्फाचेही फोटो होते. आईचे वय एकोणऐंशी, आणि डिसेंबरमध्ये तिला न्यूमोनिया होऊन गेला होता.

“भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढं एकदा सुनावणी झाली, कूया,” पेर्ला म्हणाल्या. वयाने मोठ्या पुरुषाला त्यांच्या मायदेशी असेच, थोरला भाऊ म्हणून, हाक मारतात. “मी फोटो मेसेजवरून पाठवले होते. मालकाचा माणूस म्हणाला, यावर तारीख कुठं आहे? हे सगळे एकाच दिवशी खिडकी उघडी टाकून काढले असतील.”

“मेसेजवरून पाठवलं की आतली तारीख गळून जाते,” ऑरेस्ट म्हणाले. “फोटोच्या मूळ फाइलमध्ये असते ती. केव्हा काढला, कोणत्या मिनिटाला, सगळं.”

“तेच मंडळाच्या बाईंनी सांगितलं. मूळ फाइली आणा म्हणाल्या, मंगळवारी शेवटची तारीख देते. शेजाऱ्याच्या संगणकाला फोन लावला तर नुसता चार्ज होत बसला.”

“केबल कुठली होती?”

“दुकानातली. दोन डॉलरवाली.”

“त्या केबलमधून फक्त वीज जाते. तिच्या पोटात फाइली नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात.” ऑरेस्ट यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक जाड केबल काढली. “ही लावा. आता पडद्यावर वरून बोट खाली ओढा. काय लिहिलंय? ‘फक्त चार्जिंग’? त्यावर दाबा आणि फाइलींचं निवडा. हं. आला बघा तुमचा फोन.”

फोन संगणकावर एका कप्प्यासारखा उघडला, आणि आत दोनशे बारा फोटो ओळीने उभे राहिले. पेर्लांनी सुस्कारा सोडला. यापुढचे काम दोन मिनिटांचे होते. फोनवरून मेजावर, मेजावरून पेन ड्राइव्हवर.

ऑरेस्ट यांनी कमांड पूर्ण टंकली नाही. लिनक्सवर ज्यांचा हात बसलेला असतो त्यांची एक सवय असते: वरचा बाण दाबला की मागची कमांड जशीच्या तशी परत येते. ती यायची, आणि तिच्यावर नजर न टाकता एंटर दाबायचा. त्यांनी बाण दाबला, एंटर दाबला आणि ते कॉफी भरायला उठले. नेहमीपेक्षा थोडा वेळ लागतो आहे, एवढे त्यांच्या लक्षात आले. भरलेला कप घेऊन ते परतले तेव्हा पडद्यावर फाइलींची नावे धावत होती, आणि प्रत्येक नावाच्या आधी एकच शब्द होता: काढली. काढली. काढली.

त्यांनी केबल उपटली. सिग्नल बिघडला की पहिल्यांदा तार तोडायची, हे हाताला ठाऊक होते. पण तोवर यादी संपली होती.

मागच्या शनिवारी त्यांनी एका गृहस्थांच्या नव्या फोनमध्ये संगणकावरच्या फाइली भरून दिल्या होत्या. बाणाने परत आणलेली कमांड तीच होती. मेजावरून फोनकडे. मेज रिकामे होते. त्यांनी स्वतःच, नियमाप्रमाणे, रिकामे केले होते. प्रोग्रामने सांगितलेले काम चोख केले होते. पेर्लांच्या फोनमधला फोटोंचा कप्पा मेजासारखा तंतोतंत रिकामा झाला होता.

बत्तीस वर्षे ज्या माणसाने दिशा सांभाळली, त्याने दिशा चुकवली होती.

पेर्ला समोर बसून पिरोगी खात होत्या. स्वयंपाकघरातल्या कुणीतरी त्यांच्यापुढे बशी आणून ठेवली होती. ऑरेस्ट यांच्या मनात त्या क्षणी जे आले ते त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले, म्हणून इथे सांगता येते. त्यांच्या मनात आले की फोन जुना आहे. जुना फोन ऐन वेळी दगा देतो, असे म्हटले तर ही बाई विश्वास ठेवील. तिला यातले काही कळत नाही. ज्ञान असलेल्या माणसाला ज्ञान नसलेल्यापुढे जी सत्ता मिळते, तिची खरी परीक्षा अशाच क्षणी होते. मालकाच्या माणसाने हीटरकडे पाहून ‘ठीक आहे’ म्हटले होते, तेही याच सत्तेच्या जोरावर.

त्यांनी कप खाली ठेवला.

“पेर्लाबाई, माझ्या हातून तुमचे फोटो पुसले गेले.”

पेर्लांचा घास थांबला. “म्हणजे?”

“मी उलटी कमांड दिली. तुमच्या फोनची काही चूक नाही. माझी आहे.”

“पण... फोनमध्ये ती कचऱ्याची पेटी असते ना? त्यात असतील.”

“आपण बोटानं पुसलं तर तिथं जातं. केबलमधून पुसलेलं जात नाही.” तरी त्यांनी उघडून दाखवले. पेटी रिकामी होती.

पेर्लांनी फोन उचलून ती रिकामी पेटी पुन्हा उघडून पाहिली. मग अगदी हळू म्हणाल्या, “कूया, मी आईला थंडीत उठवून, दिवा लावून फोटो काढायची. ती रोज विचारायची, हे कशासाठी. मी म्हणायची, बाई बघतील, मग आपल्याला ऊब मिळेल.” त्यांनी बशी बाजूला सारली. “मंगळवारी मी त्यांना काय दाखवू?”

ऑरेस्ट यांनी बर्नाडेटना फोन लावला. त्या शनिवारी बर्नाडेट कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवण्याच्या खेळाच्या, सामन्यासाठी दुसऱ्या गावी होत्या. पलीकडून बर्फावरून घसरत जाणाऱ्या दगडांचा आणि आरडाओरडीचा आवाज येत होता.

“बर्नी, फोनमधल्या पुसलेल्या फाइली परत मिळवायला काही उपाय आहे?”

“कुणी पुसल्या?”

“मी.”

“काय म्हणालास? इथं फार गोंगाट आहे, नीट ऐकू आलं नाही.”

“मी पुसल्या. वरचा बाण दाबला आणि न बघता एंटर मारला.”

“सिग्नलवाल्यांनी?”

“हो, सिग्नलवाल्यांनी. आता पुरे कर. एका बाईचा जीव टांगणीला लागलाय इथं.”

बर्नाडेटचा आवाज लगेच बदलला. “तुझ्या प्रोग्रामनं पुसल्या ना? आज सकाळी नवी आवृत्ती उतरवली होतीस?”

“नेहमीसारखी.”

“मग प्रोग्राम उघड. चाळिसाव्या ओळीपासून वाच. मोठ्यानं वाच, मला ऐकू दे. आयुष्यात एकदा तरी तू तो वाचलास हे मला कळू दे.”

ऑरेस्ट यांनी प्रोग्राम उघडला. त्यांच्या स्वतःच्या ओळींमध्ये त्यांनी न लिहिलेल्या सात ओळी होत्या. पहिली ओळ यंत्रासाठी नव्हती. माणसासाठी घातलेली टीप होती. ती त्यांनी वाचली: “‘आज्ञा देणारा दमलेला असू शकतो. म्हणून काहीही काढण्यापूर्वी त्याची मूळ प्रत, तारखेसह, बाजूला ठेवावी. तीस दिवस ठेवावी. मग पुसावी.’” मग त्यांनी पुढच्या सहा ओळी वाचल्या.

“ही प्रत ठेवली जाते कुठं?”

“संगणकावरच. नावाआधी टिंब असलेला फोल्डर आहे, म्हणून एरवी दिसत नाही. दडवलेलं दाखव म्हण त्याला. तुला दिसला असता तर पहिल्याच दिवशी काढून टाकला असतास, म्हणून टिंब दिलं. कधी घातलं विचारशील तर ऑक्टोबरमध्ये. काय बदललं तेही लिहून ठेवलंय. चार महिने झाले. कुणी वाचत नाही या देशात.”

फोल्डर होता. त्यात दोनशे बारा फाइली होत्या. काम नेहमीपेक्षा लांबले होते ते याचमुळे: प्रोग्राम एकेक फोटो आधी बाजूला नेऊन ठेवीत होता, मगच जागेवरून काढीत होता. ऑरेस्ट यांनी पहिला फोटो उघडला. थर्मामीटर, अकरा अंश, बारा नोव्हेंबर, पहाटेचे पाच वाजून पन्नास मिनिटे. त्यांनी संगणक पेर्लांकडे वळवला.

पेर्लांनी एकेक फोटो मोजला. घाई केली नाही, आणि ऑरेस्ट यांनीही करू दिली नाही. दोनशे बारावा झाल्यावर त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, “आता दोन ठिकाणी ठेवा. आणि हळू हळू करा, कूया.”

“तीन ठिकाणी ठेवतो,” ऑरेस्ट म्हणाले. मग ते टेबलावरच्या फोनकडे वळले. “बर्नी, ऐकतेस ना? मिळाले. सगळे मिळाले. मी तुझा...”

“नंतर. माझी पाळी आली. कमांड हातानं टंक. एकेक अक्षर.”

त्यांनी एकेक अक्षर टंकले. कुठून, कुठे, हे एंटरआधी पेर्लांना मोठ्याने वाचून दाखवले. “तुमच्या फोनवर परत. बरोबर?” “बरोबर.” मग दोन पेन ड्राइव्हवर. प्रत्येक वेळी आकडे जुळवले. हे करताना त्यांना जाणवले की कामात दुसऱ्या माणसाला असे सहभागी करून घेणे त्यांनी रेल्वेत रोज केले होते. तिथे प्रत्येक आज्ञा दुसऱ्या टोकाचा माणूस परत म्हणून दाखवी. संगणकासमोर ते एकटे झाले, आणि एकटेपणाला कौशल्य समजू लागले.

मंगळवारी पेर्लांबरोबर ते सुनावणीला गेले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. मंडळाच्या बाईंनी पेन ड्राइव्ह आपल्या संगणकाला लावला. मालकाचा माणूस पुन्हा तेच म्हणाला, एकाच दिवशी काढले असतील. बाईंनी त्याला विचारले, “कोणताही आकडा सांगा, एक ते दोनशे बारामधला.” त्याने सत्याऐंशी सांगितला. बाईंनी तो फोटो उघडला आणि आतली तारीख वाचली. मग त्याने आणखी दोन आकडे सांगितले. तिसऱ्यानंतर तो कागद चाळू लागला. बाईंनी ऑरेस्ट यांना विचारले, या फाइली फोनमधून थेट आल्या का? ऑरेस्ट यांनी शनिवारी काय घडले ते सगळे सांगितले. स्वतःची चूक, आणि त्या फाइली बाजूला कशा राहिल्या, तेही. सत्य अर्धे सांगून ते फोटो वाचवणे त्यांना योग्य वाटले नाही. बाईंनी सात ओळी पाहायला मागितल्या. त्या वाचून त्यांनी फक्त एवढेच विचारले, “या कुणी लिहिल्या?” आणि नाव टिपून घेतले.

त्याच आठवड्यात ऑरेस्ट यांनी गटाच्या सामायिक जागी एक निवेदन लिहून ठेवले. रेल्वेत ज्याच्या हातून चूक घडे त्यानेच ती स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायची असे. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर पुढच्याने तीच चूक करू नये म्हणून. त्यात त्यांनी बाणाची सवय लिहिली, कॉफी लिहिली, जुन्या फोनवर ढकलून देण्याचा विचारही लिहिला. शेवटी त्यांनी आभार मानले, आणि ते मानताना कुठे थांबावे हे त्यांना कळेना. बर्नाडेट होत्याच. पण बर्नाडेटच्या सात ओळी ज्या साधनाच्या आधाराने चालल्या ते साधन कुणा परक्याने, कुठल्यातरी देशात, पैसे न घेता लिहिले होते. आणि प्रत बाजूला ठेवण्याची सोय त्यातही आधीच कुणीतरी करून ठेवली होती. तो माणूस पेर्लांच्या आईला ओळखत नव्हता. तरी तिच्या नऊ अंशांच्या खोलीची तजवीज त्याने अगोदरच करून ठेवली होती. समाज म्हणजे बहुतेक वेळा हेच असते: ज्यांना आपण कधी पाहणार नाही त्यांच्यासाठी केलेली व्यवस्था. बर्नाडेटनी त्याखाली एका ओळीत उत्तर लिहिले: “वाचले. शब्दन् शब्द वाचले. तूही आता वाचत जा.” पुढच्या शनिवारपासून बदलांची यादी वाचून झाल्याशिवाय ऑरेस्ट प्रोग्राम चालवीत नाहीत. बर्नाडेट कधीकधी मुद्दाम तिच्यात एखादा विनोद घालून ठेवतात.

मंडळाचा निकाल मार्चच्या मध्यावर लागला. घरमालकाने दहा दिवसांत तळघरातला बॉयलर आणि तिसऱ्या मजल्यावरचे हीटरचे पाइप बदलावेत, असा आदेश होता. नवव्या दिवशी माणसे आली.

त्यानंतरच्या रविवारी पेर्लांनी ऑरेस्ट आणि बर्नाडेट या दोघांना जेवायला बोलावले. पेर्लांची आई दारापर्यंत स्वतः चालत आली. ती इंग्रजी फारसे बोलत नसे. तिने ऑरेस्ट यांचा हात धरून त्यांना भिंतीवरच्या थर्मामीटरपुढे उभे केले आणि बोटाने आकडा दाखवला. बावीस.

“रोज दाखवते,” पेर्ला स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “पोस्टमनलासुद्धा दाखवला. कूया, कोट काढा ना. उकडेल तुम्हाला.”

ऑरेस्ट यांनी कोट काढला. बर्नाडेटनी तर स्वेटरसुद्धा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, आणि त्या आजींशेजारी बसून पानसितच्या शेवया तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या.